स्विमिंग पूलच्या डेकचं जुनं काँक्रीट: नवा थर कसा द्यावा, सीलर कसा मारावा

डेकवर, म्हणजे पोहण्याच्या तलावाभोवतीच्या काँक्रीटच्या फरशीवर, चार-पाच ठिकाणी मगभर पाणी ओता आणि मिनिटभर बघत राहा. पाणी मुरून काँक्रीट काळपट पडलं तर छिद्रं उघडी आहेत, नवा थर तिथे धरेल. पाण्याचे मणी होऊन ते वरच बसून राहिलं तर खाली जुना सीलर (पाणी अडवायला मारलेलं द्रावण), सनस्क्रीनचं तेल किंवा दुसरं काही मेणकट आहे. त्यावर कितीही चांगला माल टाका, काही महिन्यांत त्याचे पोपडे सुटणार. या कामात जे बिघडतं त्यातलं बहुतेक पाण्यामुळेच बिघडतं: जुन्या काँक्रीटने किती पाणी ओढलं, मालात किती पडलं, खालून किती ओल येते आणि वरचं पाणी कुठे जातं. नवा थर पॉलिमरयुक्त सिमेंटचा आणि जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो. त्याला स्वतःचं बळ फारसं नसतं, खालच्या काँक्रीटला तो किती घट्ट धरतो यावर सगळं अवलंबून असतं. त्यामुळे माल पसरायला एक दिवस लागत असेल तर तयारीला दोन ते तीन दिवस धरा. तयारीत वाचवलेला वेळ पुढे सगळा थर खरवडण्यात जातो.

आधी ठरवा: थर द्यायचा की काँक्रीट फोडायचं

हातोडी घ्या आणि साधारण दर ३० सेंटिमीटरवर हलकेच ठोकत संपूर्ण डेक फिरा. मोठा डेक असेल तर जाड साखळी फरफटत नेली तरी चालते. आवाज खणखणीत आला तर काँक्रीट शाबूत आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर वरचा पापुद्रा आतून सुटलेला आहे. अशा जागांभोवती खडूने रेघ मारा. ही सगळी काँक्रीट काढून घट्ट भाग लागेपर्यंत खाली जावं लागतं. तसल्या जागा इकडे-तिकडे दोन-चार असतील तर दुरुस्ती जमते. डेकचा तिसरा हिस्सा पोकळ वाजत असेल तर नव्या थराचा नाद सोडलेला बरा.

तीन गोष्टी थर देऊन सुटत नाहीत. पहिली, खालची माती वाहून गेल्याने खचलेला किंवा पाय देताच हलणारा स्लॅब. दुसरी, भेगेतून उतरणारे गंजाचे तांबूस ओघळ. आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फोडते, वरून झाकल्याने ते थांबत नाही. तिसरी, उलटा उतार. डेकचा उतार पूलपासून लांब, निचऱ्याच्या नाळीकडे हवा आणि तो साधारण ५० ला १ असावा, म्हणजे दोन मीटर अंतरात चार सेंटिमीटर. दोन मीटरची सरळ पट्टी आणि पाणसळ घेऊन मोजा. मग पाइपने डेक भिजवा आणि अर्ध्या तासाने कुठे डबकी राहतात ते खुणा करून ठेवा. पाच-सहा मिलिमीटर खोलीचं डबकं भरून काढता येतं. अख्खा डेकच पूलकडे उतरत असेल तर तो पातळ थराने फिरवता येत नाही.

भेगांमध्ये मेलेल्या आणि जिवंत असा फरक करावा लागतो. भेगेच्या दोन्ही कडा एकाच पातळीत आहेत का, ते बोट फिरवून पाहा. एक कड वर आली असेल तर स्लॅब हलतोय. शंका असेल तर कोरड्या दिवसांत भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ ठिपका आडवा लावून ठेवा आणि दोन-तीन आठवडे पाहा. ठिपका तडकला की भेग जिवंत आहे.

शेवटची तपासणी खालून येणाऱ्या ओलीची. ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास राहू द्या. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालं असेल तर जमिनीतून ओल वर येते आहे. ही नोंद जपून ठेवा, सीलर निवडताना निर्णय हिच्यावर होईल.

झाकपाक आणि सफाई

सुरुवात पूल झाकण्यापासून. सिमेंटची पूड आणि धुतलेलं पाणी आत गेलं की पूलच्या पाण्याचा पीएच चढतो, पाणी गढूळ होतं आणि टाइलवर पांढरा थर बसतो. कोपिंगच्या, म्हणजे पूलच्या काठावर बसवलेल्या पट्टीच्या, कडेला टेप आणि प्लास्टिक लावा, शिडीचे पाय आणि दिव्यांच्या झाकण्या गुंडाळा, निचऱ्याच्या जाळ्या बंद करा. सिमेंटचं पाणी झाडांच्या मुळाशीही सोडू नका.

शेवाळ असेल तर एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी मिसळून पंधरा मिनिटं ठेवा, खराट्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा. तेलकट डागांवर अल्कली असलेला डिग्रीझर वापरा. एक गोष्ट अजिबात विसरू नका: ब्लीच किंवा पूलचं क्लोरीन आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तो जीवघेणा असतो. एकाचं काम पूर्ण धुऊन झाल्याशिवाय दुसऱ्याचा डबा उघडायचा नाही.

जुना सीलर कोणता आहे हे ओळखायला कापसाच्या चिंधीवर थोडं झायलीन (रंग विरघळवणारा द्रावक) घ्या आणि कोपऱ्यातल्या जागी अर्धा-एक मिनिट दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर तो ॲक्रिलिक आहे, स्ट्रिपरने, म्हणजे जुना लेप सोडवणाऱ्या रसायनाने, निघेल. काहीच फरक पडला नाही तर बहुधा युरेथेन किंवा इपॉक्सी आहे. त्यावर रसायन वाया घालवू नका, घासूनच काढावा लागेल.

घासायला ग्राइंडरला हिऱ्याची कप चकती लावा, ३० ते ४० ग्रिटची. चकतीवर धूळ ओढणारं आवरण आणि व्हॅक्यूम हवाच, कारण काँक्रीटच्या धुळीतला सिलिका फुप्फुसात जाऊन बसतो. कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही, एन ९५ किंवा त्याहून वरचा घाला. झालेला पृष्ठभाग हाताला ६०-८० नंबरच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला पाहिजे. त्यापेक्षा गुळगुळीत राहिला तर मालाला पकड मिळत नाही. फारच खोल चर पडले तर तेच चर तीन मिलिमीटरच्या थरातून वर उमटतात.

आम्लाने धुण्याची पद्धत खूप ठिकाणी सुचवलेली आढळते. पूलच्या काठावर ती टाळलेलीच बरी. आम्ल सीलरच्या आरपार जात नाही, त्यामुळे जिथे गरज आहे नेमकं तिथेच काम करत नाही. त्याच्या वाफेने स्टीलच्या शिडीवर गंज चढतो. कोपिंग संगमरवर किंवा चुनखडीचं असेल तर ते कायमचं खरवडलं जातं. ग्राइंडर चालवणं शक्यच नसेल तर एक भाग म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) आम्ल आणि दहा भाग पाणी असं प्रमाण ठेवा. नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीही नाही. काँक्रीट आधी भिजवून घ्या. फेस थांबला की दहा लिटर पाण्यात पाव किलो खायचा सोडा विरघळवून ते पाणी ओता आणि मग तीनदा धुवा. पीएच पट्टीवर धुतलेल्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याइतका आला की थांबा. आम्लाचा अंश राहिला तर नवा थर खालून पिठासारखा सुटतो.

पद्धत कुठलीही असली तरी शेवटी ३००० ते ३५०० पीएसआयच्या प्रेशर वॉशरने धुवा. पंख्यासारखा फवारा देणारा नोझल ३० सेंटिमीटर अंतरावर धरून, पट्टे एकमेकांवर थोडे चढवत पुढे जा. वाळल्यावर तळहात फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर पुन्हा धुवा. मग मगभर पाण्याची तीच चाचणी सगळीकडे करा. मिनिटभरात सगळीकडे पाणी मुरलं पाहिजे, एकही जागा अपवाद नको.

भेगा, खड्डे, सांधे

केसासारख्या भेगा वेगळ्या भराव्या लागत नाहीत, पहिल्या हाताचा माल त्यात दाबून बसवता येतो. त्याहून रुंद, पण मेलेली भेग असेल तर ती हिऱ्याच्या ब्लेडने साधारण ६ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर खोल उघडा. इंग्रजी व्हीच्या आकारापेक्षा सरळ उभ्या भिंतींचा चर चांगला, कारण त्यात माल अडकून बसतो. धूळ व्हॅक्यूमने काढा आणि पॉलिमरयुक्त दुरुस्तीचा माल किंवा इपॉक्सी भरा. इपॉक्सी भरलं तर ते ओलं असतानाच वर कोरडी बारीक वाळू भरपूर शिंपडा. नाहीतर त्याच्या काचेसारख्या पृष्ठभागावर नवा थर धरत नाही. ६ मिलिमीटरपेक्षा खोल खड्ड्यांच्या कडा सरळ कापून घ्या, शून्याला मिळणाऱ्या पातळ कडा पहिल्या उन्हाळ्यातच उडतात. कुठेही खोल कापण्याआधी खालून विजेची बाँडिंगची तार, दिव्याची नळी किंवा पाण्याचा पाइप जात नाही ना, हे नकाशावरून किंवा शोधयंत्राने पक्कं करा. पूलभोवतीची ती तार माणसांना धक्का बसू नये म्हणून टाकलेली असते. ती तुटली तर वरून काहीच दिसत नाही.

जिवंत भेग भरून झाकता येत नाही. तिला सांधा मानून सीलंट भरा, किंवा जवळच सरळ नवा सांधा कापून हालचालीला वाट द्या.

आता सांधे. या कामातली सगळ्यात महाग चूक इथेच होते. पूलची टाकी आणि भोवतालचा डेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकी पाण्याचं वजन घेऊन एका जागी बसलेली असते, डेक मातीवर टेकलेला असतो आणि उन्हात फुगतो, थंडीत आकसतो. दोघांच्या मधला कोपिंगलगतचा सांधा ही हालचाल पोटात घेतो. दिसायला सलग हवं म्हणून त्यावरून नवा माल ओढला, की थर त्या रेषेवर तडकतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे सांध्यात माल शिरून घट्ट झाला की फुगलेला डेक कोपिंगला ढकलतो आणि पाण्याच्या पातळीवरच्या टाइल सुटायला लागतात. मग पाणी टाकीमागे शिरतं. तेव्हा जुना एकही सांधा बुजवायचा नाही, डेकमधल्या आडव्या-उभ्या सांध्यांसकट.

रीत अशी: जुना सीलंट पूर्ण खरवडून काढा. सांध्यात फोमची दोरी, म्हणजे बॅकर रॉड, तात्पुरती वरपर्यंत दाबून बसवा आणि वर टेप लावा, म्हणजे माल आत जाणार नाही. थर ओला असतानाच टेप काढा आणि कड पत्र्याच्या थापीने साफ करा. थर पूर्ण वाळल्यावर कायमची दोरी बसवा. ती सांध्यापेक्षा साधारण पाव पट जाड हवी, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सांध्याला १५ मिलिमीटरची. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी ठेवा, पण ६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. सीलंटने फक्त दोन बाजूंच्या भिंतींना धरावं, तळाला धरता कामा नये. तळालाही चिकटला तर ताणायला जागा उरत नाही आणि तो मधूनच फाटतो. दोरी असते ती एवढ्यासाठी. क्लोरीनचं पाणी सोसणारा पॉलियुरेथेन, सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट घ्या. रंगाच्या दुकानातला साधा ॲक्रिलिक फिलर इथे टिकत नाही. आपोआप सपाट होणारा सीलंट उताराच्या सांध्यातून खाली ओघळतो, तिथे घट्ट प्रकारचा घ्या. एक क्रम मात्र पाळा: डेकचा सीलर आधी मारायचा आणि सांध्याचा सीलंट त्यानंतर भरायचा. सीलर मारताना सांध्याच्या भिंतींना टेप लावा, कारण सीलर लागलेल्या भिंतीला सीलंट नीट चिकटत नाही.

किती माल लागेल

पॉलिमरयुक्त सिमेंटच्या तयार मालाचा साधारण हिशेब असा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीला १.७ ते १.८ किलो कोरडा माल. ५० चौरस मीटरच्या डेकवर एकूण तीन मिलिमीटर थर द्यायचा असेल तर २६० किलोंच्या आसपास लागतो. त्यात दहा टक्के वाढ धरा, म्हणजे २० किलोंच्या १५ बॅगा. ग्राइंडरने फार खडबडीत झालेला डेक याहून जास्त खातो. सगळ्या बॅगा एकाच बॅच क्रमांकाच्या घ्या, निरनिराळ्या बॅचमध्ये सिमेंटची छटा फिरते.

रंग फिकट निवडा. गडद करड्या किंवा तपकिरी डेकवर दुपारी अनवाणी उभं राहवत नाही, आणि पूलच्या काठावर सगळे अनवाणीच असतात.

आधी एक तुकडा करून बघा

६० सेंटिमीटर चौरसाच्या तुकड्यावर पूर्ण कृती करा: तयारी, माल, झाडूची रेघ. २४ तासांनी नाण्याच्या कडेने जोर लावून खरवडा आणि हातोडीने ठोका. खरवडून पूड किंवा पापुद्रा निघाला, अथवा बद्द आवाज आला, तर तयारी कमी पडली आहे. सीलर आणि त्यात घालायची खडबडपणाची पूडही याच तुकड्यावर तपासून घ्या.

काम कधी करायचं, माल कसा कालवायचा

हवा १० ते ३२ अंश सेल्सियस, पुढचे २४ तास पाऊस नाही, वारा मंद. थर्मामीटर हवेचा नको, डेकचा हवा. उन्हातलं काँक्रीट हवेपेक्षा बरंच जास्त तापलेलं असतं. हात टेकवून ठेवता येत नसेल तर काम थांबवा. सावली जशी फिरते तसं काम फिरवा. उन्हात पसरलेल्या मालातलं पाणी सिमेंट घट्ट व्हायच्या आत उडून जातं आणि वर जाळीसारख्या बारीक भेगा उमटतात.

बादलीत आधी पाणी, मग पूड. बॅगवर जितकं पाणी लिहिलंय तितकं मापाच्या भांड्याने मोजून घ्या, प्रत्येक बॅगेला अगदी तेवढंच. अर्धा लिटर इकडे-तिकडे झालं की थराची ताकद घटते आणि वाळल्यावर त्या बॅगेचा पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो. ४०० ते ६०० फेऱ्यांच्या मंद ड्रिलला मिक्सरचा दांडा लावून तीन ते पाच मिनिटं कालवा. वेगाने कालवलं तर हवा शिरते आणि वर बुडबुड्यांची भोकं राहतात. दोन मिनिटं थांबा, म्हणजे पॉलिमर विरघळेल, मग आणखी एक मिनिट फिरवा. माल थापीवरून एकसंध, संथ ओघळला पाहिजे. धबकन पडला तर घट्ट, पाण्यासारखा सुटला तर पातळ. साधारण २३ अंशाला वीस मिनिटं हातात असतात, उन्हाळ्यात त्याच्या निम्मी. गरमीत थंड पाणी वापरा. बादलीतला माल आवळायला लागला की तो फेकून द्या. त्यात वरून पाणी घालून तो परत पातळ करणं म्हणजे थराचा तेवढा भाग मुद्दाम कच्चा ठेवणं.

थर टाकणं

माल टाकण्यापूर्वी डेक भिजवा आणि साचलेलं पाणी वायपरने काढा. रंग गडद हवा पण वर चकाकणारं पाणी नको. कोरडं काँक्रीट मालातलं पाणी शोषून घेतं आणि थर खालच्या बाजूने कच्चा राहतो. साचलेल्या पाण्यावर टाकला तर तो धरतच नाही. बॅगवर प्रायमर लावायला सांगितला असेल तर त्याच्या सूचना पाळा, तेव्हा भिजवण्याचा नियम बदलतो.

तीन माणसं हवीत: एक कालवायला, एक पसरायला, एक झाडू ओढायला. दोघांत हे काम केलं की कुठे तरी कड सुकते आणि तिथे जोड दिसतो. सांध्यापासून सांध्यापर्यंतचा एक चौकोन एका दमात पुरा करा. मध्येच थांबायची वेळ आली तर सांध्यावरच थांबा.

पहिला हात पातळ, एक मिलिमीटरच्या आत. गुरमाळा किंवा कडक रबराचा वायपर जोर देऊन फिरवा, म्हणजे माल छिद्रांत दाबला जाईल आणि आतली हवा बाहेर पडेल. हा हात टाळून एकदम जाड थर दिला तर छिद्रांतली हवा वर येते आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. दुसरा हात दोन मिलिमीटरच्या आसपास, पहिला पायाखाली दबेनासा झाल्यावर. ही वाट पाहण्याची वेळ हवामानानुसार दोन ते सहा तास असू शकते. पहिला हात रात्रभर राहिला तर दुसऱ्याआधी तो पुन्हा किंचित भिजवा.

दुसरा हात पसरल्यावर तीन ते पाच मिनिटांत मऊ केसांचा रुंद झाडू ओढा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच ओढीत, मध्ये न थांबता, नेहमी त्याच दिशेने. माणसं जिकडून चालतात त्याला आडव्या रेघा पायाला पकड देतात. दर दोन-तीन ओढींनंतर झाडू बादलीत धुऊन झटका. झाडूने माल ढेकळं होऊन उचलला जायला लागला तर उशीर झालाय. अशा वेळी रेटून काम करू नका, तेवढा चौकोन सपाट करून ठेवा आणि वाळल्यावर पातळ हात द्या.

दुसरा पर्याय फवाऱ्याचा. हॉपर गन आणि कंप्रेसरने दाट मालाचे ठिपके उडवतात, ते दहा-पंधरा मिनिटांनी थोडे आवळले की रुंद थापीने त्यांची टोकं दाबतात. ओल्या पायाला हा पृष्ठभाग सगळ्यात सुखद, आणि खालची ओबडधोबड दुरुस्तीही लपते. पण हात बसलेला नसेल तर दाबण्याची वेळ साधणं अवघड जातं. लवकर दाबलं तर सगळं सपाट, उशिरा दाबलं तर ठिपक्यांचे काटे राहतात आणि गुडघे खरचटतात.

ऊन-वारा जास्त असेल तर माल घट्ट झाल्यावर, बोटाचा ठसा उमटेनासा झाल्यावर, दिवसभर बारीक तुषार मारा. धो धो पाणी नको. चालायला सहा-आठ तासांनी, खुर्च्या-बाकं ठेवायला किमान २४ तासांनी परवानगी.

कोणता सीलर

बाजारात नावं बरीच, जाती मुळात दोन. एक वर पापुद्रा धरणारी: ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन, इपॉक्सी. दुसरी आत मुरणारी: सिलेन आणि सिलोक्सेन. ही काँक्रीटच्या छिद्रांच्या भिंतींना पाणी न चिकटणारं अस्तर देते, पण छिद्रं बुजवत नाही.

ओलीच्या चाचणीत प्लास्टिकखाली थेंब आले होते? मग मुरणारा सीलर. खालची वाफ पापुद्र्याखाली अडकली की तो पांढरा पडतो, मग फुगतो, मग सुटतो. मिठाच्या क्लोरिनेटरवर (मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या पूललाही मुरणाराच योग्य. त्या पाण्यात साधारण ३००० ते ३५०० पीपीएम मीठ असतं. ते समुद्रापेक्षा पुष्कळ कमी, पण उडालेलं पाणी वाळत राहतं आणि मीठ छिद्रांत साचत जातं. त्याचे स्फटिक आतून वाढतात आणि वरचे खवले उडवतात. मुरणाऱ्या सीलरने पृष्ठभाग निसरडा होत नाही, हा त्याचा आणखी एक मोठा गुण. मर्यादा दोन: रंग खुलत नाही, आणि पॉलिमर भरपूर असलेल्या थरात तो हळू मुरतो. म्हणून चाचणीच्या तुकड्यावर बघा. पाच मिनिटांनी वर ओला राहिलेला सीलर पुसून टाकावा लागतो.

रंग दिलेला थर आहे, डाग नकोत, ओलही नाही, तर पाण्यावर आधारित ॲक्रिलिक घ्या. इपॉक्सी उघड्यावर वरचा हात म्हणून वापरू नका, उन्हातल्या अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो आणि त्यावर पीठ येतं.

ॲक्रिलिक एका लिटरमध्ये ५ ते ७ चौरस मीटर जातो, मुरणारा २.५ ते ५. वरच्या ५० चौरस मीटरच्या डेकला ॲक्रिलिकचे दोन हात द्यायला सतरा-अठरा लिटर पुरतात.

सीलर मारताना

नवा थर किती दिवसांनी सीलर घेईल हे मालाच्या बॅगवर आणि सीलरच्या डब्यावर, दोन्हीकडे वाचा. पाण्याच्या ॲक्रिलिकला बऱ्याचदा दोन-तीन दिवस पुरतात, काही सॉल्व्हंट सीलरांना (पाण्याऐवजी झायलीनसारख्या द्रावकात बनवलेल्यांना) २८ दिवस लागतात. घाई करण्याआधी प्लास्टिकची चाचणी नव्या थरावर पुन्हा करा.

डेकचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी वर हवं. वेळ दुपार कलल्यानंतरची निवडा. सकाळी तापत जाणाऱ्या काँक्रीटमधली हवा फुगून वर येते आणि ओल्या पापुद्र्यात बुडबुडे काढते. थंड होत जाणारं काँक्रीट मात्र हवा आत ओढतं. दव पडायच्या दोन-तीन तास आधी काम आटोपलेलं असावं.

१० मिलिमीटर केसांचा रोलर घ्या. पहिला हात एका दिशेने, दुसरा त्याला आडवा, मध्ये दोन ते चार तास. दोन्ही पातळ. डबकं साचू देऊ नका, जाड पापुद्रा आधी दुधाळ होतो आणि मग सोलून निघतो. सॉल्व्हंटचा सीलर असेल तर जवळच्या हीटरची ज्योत आणि मोटारी बंद ठेवा. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेट घेते. सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, धुळीचा मास्क कामाचा नाही.

पापुद्रा धरणारा सीलर झाडूच्या रेघा अर्ध्या भरून टाकतो आणि ओल्या पायाखाली डेक काचेसारखा होतो. म्हणून दुसऱ्या हातात पॉलिमरची बारीक खरखरीत पूड घाला, लिटरला साधारण २५ ग्रॅम. ती तळाशी बसत राहते, ट्रे भरताना प्रत्येक वेळी ढवळा, नाहीतर डेकचं एक टोक गुळगुळीत आणि दुसरं कानशीसारखं होईल. ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड कारखान्यांसाठी ठीक, अनवाणी पायांना ती सोलते.

पाय ठेवायला २४ तास, खुर्च्या ठेवायला ४८ ते ७२ तास, पूलचं पाणी उडू द्यायला ७२ तास थांबा.

बिघाड दिसला तर

दुधाळ डाग दिसले तर पापुद्र्यात ओल अडकली आहे. सॉल्व्हंटचा ॲक्रिलिक असेल तर कोरड्या, उबदार दिवशी त्यावर झायलीनचा पातळ हात फिरवला की पापुद्रा सैल होतो, ओल निघून जाते आणि तो परत नितळ बसतो. पाण्याच्या ॲक्रिलिकला हा उपाय लागू पडेलच असं नाही, तिथे तेवढा भाग काढून पुन्हा मारावा लागतो. डाग दर पावसाळ्यात त्याच जागी येत असेल तर सीलरची जात चुकली आहे, पुन्हा तोच मारू नका.

थराचा तुकडा सुटला तर तो उलटून पाहा, कारण तिथेच लिहिलेलं असतं. पाठीला जुन्या काँक्रीटचे कण चिकटलेले असतील तर खालचं काँक्रीटच कमकुवत होतं. पाठ स्वच्छ आणि चकचकीत असेल तर खाली जुना सीलर किंवा तेल राहिलं होतं. पाठ पिठासारखी असेल तर थर कोरड्या काँक्रीटवर पडला, किंवा आम्ल नीट धुतलं गेलं नव्हतं. कारण कळल्याशिवाय ठिगळ लावलं तर ते ठिगळही तसंच सुटेल.

पांढरा लोणा वर आला तर आधी ब्रशने कोरडाच घासा. पाणी ओतलं की क्षार विरघळून परत आत जातात.

वर्षभराची निगा

मिठाचा पूल असेल तर आठवड्यातून एकदा डेक साध्या पाण्याने धुवा. सनस्क्रीनचे डाग सौम्य साबणाने काढा. क्लोरीनच्या गोळ्या डेकवर कधी ठेवू नका, एका दुपारीत त्या सीलर आणि रंग दोन्ही खाऊन गोल डाग पाडतात. कोपिंगचा सांधा वर्षातून दोनदा बोटाने दाबून तपासा, कुठे सीलंट भिंतीपासून सुटला असेल तर तेवढाच कापून नवा भरा.

दर वर्षी मगभर पाण्याची चाचणी करा. पाण्याचे मणी व्हायचे थांबले की सीलरचा पुढचा हात द्यायची वेळ झाली, ॲक्रिलिकला ती साधारण दोन-तीन वर्षांनी येते. तेव्हा डेक धुऊन, पूर्ण वाळवून एकच पातळ हात द्या, खरखरीत पुडीसकट. दर वर्षी सवयीने नवा हात चढवत राहिलात तर पापुद्रा जाड होतो, वाफ अडवतो आणि एक दिवस सगळाच स्ट्रिपरने काढावा लागतो.